गुळगुळीत पोटऱ्यांचा हिशेब

भंडारा जिल्ह्यात पहाटे साडेचारला रस्त्यावर दोनच जाती हिंडतात. एक रानडुकरं, ती धानाच्या बांधीतून जेवून घरी परतत असतात. दुसरे भरतीवाले पोट्टे. ते उपाशीपोटी घरून निघालेले असतात. दोघंही घोळक्यानं पळतात, दोघांनाही पाहून कुत्री भुंकतात आणि दोघांनाही पाहून म्हातारी माणसं काठी चाचपतात. सोळाशे मीटरला किती वेळ लागला याची चिंता मात्र डुकरांना नसते.

पोलीस भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. सोळाशे मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत उरकलं की वीसपैकी वीस. त्यानंतर गुण पायरीपायरीनं खाली उतरतात. त्यामुळे तुमसरपासून लाखांदूरपर्यंत गावागावाच्या रस्त्यावर कुणीतरी दगडाला चुना फासून सोळाशे मीटरची खूण करून ठेवलेली असते. धावण्याचा सराव त्या खुणेपाशी होतो. धावण्याची चर्चा मात्र सलूनात होते, आणि ती बरीच जास्त वेळ चालते.

अशाच एका सलूनात एका पोरानं खुर्चीत बसता बसता विचारलं, "भाऊ, पायाचे केस काढाचे किती घेता जी?"

वस्तरा हवेत थांबला. या कारागिरानं आयुष्यात डोकी केली, दाढ्या केल्या, लेकरांची जावळं काढली, लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेव माणसात आणले; आणि त्याचे वडील तर उन्हाळा लागायच्या आत गावच्या म्हशीही भादरून देत. पण चालत्याबोलत्या तरण्या पोरानं पोटऱ्या पुढे कराव्यात, असं या घराण्यात पहिल्यांदाच घडत होतं.

"काहून गा? ऑपरेशन आहे का?"

"नाही जी. स्पीड वाढते."

बाकावर बसलेल्या सगळ्यांनी मोबाइल खाली ठेवले. आमच्याकडे मोबाइल खाली ठेवला जाणं ही गोष्ट साधी समजू नये. वीज गेली तरी तो खाली ठेवत नाहीत.

पोरानं मग समजावून सांगितलं. परदेशातले पोहणारे अंग गुळगुळीत करून पाण्यात उतरतात. सायकलवाले पायावर केस ठेवत नाहीत. केस हवा अडवतात. हवा अडली की वेळ जातो, वेळ गेला की गुण जातात, गुण गेले की भरती जाते आणि भरती गेली की लग्न जातं. म्हणजे मुळात लग्न आणि आपण यांच्या मध्ये उभे आहेत ते पोटरीवरचे केस. या युक्तिवादातला एकही दुवा तोडण्याची बाकावर कुणाची टाप नव्हती. विशेषतः शेवटचा. बाकावर तिघं तिशी ओलांडलेले बसले होते.

पुढे जे झालं त्याला विज्ञान जबाबदार नाही, उत्साह जबाबदार आहे. पाय झाल्यावर पोरानं विचार केला की हवा काही फक्त गुडघ्याखाली नसते. मग दाढी गेली, मिशी गेली, आणि शेवटी डोकंही चकचकीत झालं. सलूनातून बाहेर पडला तेव्हा तो वायुगतिकीच्या दृष्टीनं निर्दोष होता. सामाजिक दृष्टीनं मात्र त्याच्या बापाचं निधन झालं होतं.

आमच्या भागात तरणा मुलगा मिशीसकट सफाचट होऊन गावात फिरतो त्याला एकच अर्थ असतो, आणि तो कुणी विचारून घेत नाही. विचारणं बरं दिसत नाही. बोअरिंगवर पाणी भरणाऱ्या बाईनं पाहिलं, "माय वं!" म्हणून पदर तोंडाला लावला आणि भरलेली गुंडी तिथंच ठेवून ती घरोघर निघाली. तासाभरात लाखनीहून मावशीचा फोन आला. तिला फक्त तेरवी कोणत्या दिवशी धरायची एवढंच विचारायचं होतं, कारण शनिवारी तिच्याकडे साक्षगंध होतं. संध्याकाळी शेजारच्या टोलीवरचा एक गृहस्थ डोक्यावर दुपट्टा घेऊन आला आणि पडवीत बाजेवर बसलेल्या माणसाशेजारी मान खाली घालून बसला. बाजेवरचा माणूस म्हणजे साक्षात दिवंगत. दोघं बराच वेळ गप्प बसले. दिवंगतांना वाटलं, याच्या घरी काहीतरी झालं असावं. शेवटी त्यांनीच हळूच विचारलं, "कोण गेला गा?"

"आता ते तुमीच सांगा जी," पाहुणा म्हणाला.

पोरगा त्या वेळी मागच्या अंगणात घड्याळ लावून पळत होता. त्याचा वेळ खरंच सुधारला, असं त्यानं पुढे सगळ्यांना सांगितलं. बाप काठी घेऊन मागे असल्यावर कुणाचाही सुधारतो.

हा प्रयोग शास्त्रीय म्हणता येणार नाही, हे उघड आहे. पण प्रश्न खुळचट नव्हता. त्या प्रश्नावर प्रयोगशाळांत पैसा खर्च झालेला आहे आणि निघालेली उत्तरं आमच्या सलूनातल्या चर्चेइतकीच मजेदार आहेत.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण पाण्यात केसांच्या बाजूनं बोलायला फारसा कुणी उरत नाही. पाणी हवेपेक्षा आठशे पटींच्या आसपास दाट. त्यात हात मारत पुढे सरकायचं तर अंगावरची प्रत्येक खरखर ब्रेक लावते. ऑस्ट्रेलियाचा जॉन हेन्रिक्स यानं १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर फ्रीस्टाईलचं सुवर्ण जिंकलं. अंगावरचे केस काढून शर्यतीत उतरणाऱ्या पहिल्या काहींमध्ये त्याचं नाव घेतात. पुढे ती रीतच पडली. पण रीत आणि पुरावा यांत अंतर असतं. पुरावा यायला १९८९ उजाडलं. रिक शार्प आणि डेव्हिड कॉस्टिल या दोन अमेरिकी संशोधकांनी काही पोहणाऱ्यांना केसांसकट आणि नंतर केसांशिवाय ब्रेस्टस्ट्रोकनं चारशे यार्ड पोहायला लावलं, नऊ आणे नव्हे, चांगल्या चौदा आणे जोरानं. केस गेल्यावर रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे स्नायूंना किती राबवलं त्याची पावती, साधारण पाचव्या हिश्शानं कमी भरली. एका हातात कापलं जाणारं अंतर २.०७ मीटरवरून २.३१ मीटरवर गेलं. मग त्यांनी एक हुशारी केली. पोहणाऱ्याला दोरीनं बांधून जागच्या जागी पोहायला लावलं. तिथं केस असोत नसोत, काही फरक नाही. म्हणजे माणूस काही जास्त ताकदवान झाला नव्हता. पाणी त्याला कमी अडवत होतं, एवढंच.

यातली खरी गंमत वेळापत्रकात आहे. मोठे पोहणारे वर्षभर केस काढत नाहीत. उलट वाढवतात. सरावात पाणी जितकं अडवेल तितकं बरं. मग मुख्य स्पर्धा जवळ आली की सराव हळूहळू कमी करायचा, शरीराला विसावा द्यायचा आणि आदल्या रात्री वस्तरा फिरवायचा. परदेशी प्रशिक्षकांना या सगळ्याचं फार कौतुक. आम्हाला नाही, कारण आमच्याकडे पोळ्याला बैलाचं हेच करतात. वर्षभर जुंपायचं, आदल्या संध्याकाळी खांदे तुपा-हळदीनं शेकायचे, शिंगं साळायची, सकाळी न्हाऊ घालून झूल चढवायची आणि त्या दिवशी जू मानेला लावायचं नाही. फक्त आमचा बैल दुसऱ्या दिवशी विक्रम करायला जात नाही, धुऱ्यावर जातो. पोहणाऱ्याला त्या रात्रीनंतर पाण्यात उतरलं की अंग नवं वाटतं. वस्तऱ्यानं केसांबरोबर कातडीचा वरचा मेलेला थरही निघतो, पाण्याचा स्पर्श चटकन कळतो, हात कुठे धरला आणि कुठे निसटला ते समजतं. यातलं किती खरं अंगात होतं आणि किती मनात, ते वेगळं काढणं कठीण. पण शर्यत जिंकायला मन चालतं. पंच ते वजा करत नाहीत.

या बाबतीत मराठी माणसाला सर्वांत जास्त बोचणारा आकडा २०१८ चा आहे. कोल्हापूरचा वीरधवल खाडे कोवळ्या वयात २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकला गेला, २०१० च्या आशियाई स्पर्धेत त्यानं ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य आणलं आणि मग सरकारी नोकरीत तहसीलदार झाला. बरेच जण इथंच थांबतात. आमच्याकडे तर तहसीलदार झाल्यावर माणूस जिनाही चढत नाही, फाइल खाली मागवतो. हा गडी पुन्हा तलावात उतरला आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाईलच्या प्राथमिक फेरीत २२.४३ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम फेरीत वेळ आली २२.४७. तिसरा आलेल्या जपानी पोहणाऱ्याची २२.४६. पदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं गेलं. सातबारा वाचणाऱ्या माणसाला शंभरावा भाग म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. हेक्टरचा शंभरावा भाग म्हणजे एक आर, आणि तेवढ्यासाठी आमच्याकडे सख्खे भाऊ तीन-तीन पिढ्या कोर्टात जातात. तर केसांचा विचार करण्याचा हक्क कुणाला आहे, तर अशा माणसाला. बाकी सगळं करून झालं आहे, आणि आता फक्त एक आर कमी पडतो आहे.

हे मी आमच्या गावच्या तलावावर एका ढिवर आजोबांना सांगितलं. कोहळी समाजानं बांधलेला जुना मालगुजारी तलाव, पाळीवर मोहाचं झाड, पाण्यात शिंगाडा. आजोबांचं सगळं आयुष्य जाळं टाकण्यात आणि अडकलेलं जाळं बुडी मारून सोडवण्यात गेलेलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शिंगाड्याचा वेल पायाले गुंडाळला का केस असले काय न् नसले काय." हा मुद्दा शार्प आणि कॉस्टिल यांच्या हातून निसटलेला आहे.

पाण्यातल्या या सगळ्या शिस्तीला एका माणसानं मात्र मिशीवर नाचवलं. मार्क स्पिट्झ. १९७२ चं म्युनिक ऑलिम्पिक, सात सुवर्णपदकं, सातही विश्वविक्रमांसह, आणि ओठावर भरगच्च काळी मिशी. त्यानं पुढे अनेकदा सांगितलेला किस्सा असा की, एका रशियन प्रशिक्षकानं विचारलं, ही मिशी आडवी येत नाही का? हा म्हणाला, उलट, मिशीमुळे पाणी तोंडापासून बाजूला वळतं, मागचा भाग वर उचलला जातो, वेग वाढतो. पुढच्या वर्षी म्हणे रशियन पुरुष पोहणारे झाडून सगळे मिशा ठेवून आले. जगज्जेत्या माणसानं थाप मारली तरी तिचा प्रशिक्षणक्रम होतो. आमच्या गावचा पहिलवान जिंकायचा तेव्हा तो काय खातो याची चौकशी व्हायची. हरायचा तेव्हाही तो तेच खात असे, पण तेव्हा कुणी विचारत नसे.

नंतर केसांचा प्रश्न काही काळ कपड्यांनीच सोडवला. २००८ च्या आसपास अंगभर चिकटणारे पोहण्याचे पोशाख आले, मग पॉलियुरेथेनचे आले, २००९ च्या रोमच्या जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम कोसळले आणि शेवटी २०१० च्या सुरुवातीपासून त्या पोशाखांवर बंदी आली. बंदी आली आणि वस्तरा पुन्हा कामाला लागला. धंद्यात असे दिवस येतात, धीर सोडू नये, हे मी आमच्या कारागिराला याच उदाहरणावरून सांगितलं.

आता हवा. इथं प्रकरण बिघडतं.

सायकलवाल्यांना विचारलं की पाय का भादरता, तर जुनी माणसं वेगाचं नावच घेत नाहीत. पडल्यावर खरचटलेल्या जागी केस अडकत नाहीत, जखम धुता येते, पट्टी काढताना जीव जात नाही, मालीश नीट होते. ही कारणं मला पटतात. ती सासूबाईंनासुद्धा सांगता येतात. वेगाचं म्हणाल तर चेस्टर काइल या अभियंत्यानं १९८७ मध्ये हिशेब मांडला की पाय गुळगुळीत केल्यानं हवेचा अडथळा ०.६ टक्क्यानं कमी होतो, म्हणजे ४० किलोमीटरमागे साधारण पाच सेकंद. जग त्यावर सत्तावीस वर्षं गप्प बसलं. मग २०१४ मध्ये स्पेशलाइज्ड या सायकल कंपनीनं कॅलिफोर्नियातल्या आपल्या पवन-बोगद्यात केसाळ पायांचा एक पोरगा बसवला, पाय भादरून पुन्हा बसवला आणि आकडा पाहून आधी यंत्रच बिघडलं असेल असं त्यांना वाटलं. अडथळा सात टक्क्यांच्या आसपास कमी. आणखी काही जण बसवले. सरासरी ४० किलोमीटरला ७० सेकंद. पाच सेकंद कुठे आणि सत्तर कुठे! एवढी तफावत आमच्याकडे फक्त धान मोजताना पडते, शेतकऱ्याच्या घरच्या काट्यावर आणि बाहेरच्या.

आमच्या शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत एकट्यानं पूर्ण केली. एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, अंदाजे ४,८०० किलोमीटर. त्रैराशिक मांडून पाहू. काइलसाहेबांच्या दरानं पायांच्या वस्तऱ्यामुळे सबंध अमेरिकेत वाचतील दहा मिनिटं, एक चहा. कंपनीच्या दरानं वाचतील दोन तास वीस मिनिटं. एक मराठी नाटक, मध्यंतरासकट. झाडीपट्टीतलं नाटक मात्र त्यात बसणार नाही. ते रात्री जेवणं झाल्यावर सुरू होतं आणि कोंबडा आरवला की संपतं. भंडारा ते नागपूर सुमारे साठ किलोमीटर. तिथं कंपनीच्या हिशेबानं पावणेदोन मिनिटं वाचतात, आणि ती पुढे चाललेल्या एका तणसाच्या ट्रॅक्टरमागे खर्च होतात.

पोट्ट्यांचं काय? ते सायकल चालवत नाहीत, पळतात. ग्रिफिथ पघ नावाचे एक शरीरशास्त्रज्ञ होते. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत ते होते आणि तिथं कुणी पोटऱ्या भादरल्याचं ऐकिवात नाही. त्यांनी १९७१ मध्ये पळणाऱ्यांवर वारा सोडून हिशेब केला की मध्यम पल्ल्याच्या वेगात माणसाच्या एकूण कष्टांपैकी साडेसात टक्क्यांच्या आसपास हवा बाजूला सारण्यात जातात. आता ५ मिनिटं १० सेकंद म्हणजे ३१० सेकंद. काइलचा आकडा जसाच्या तसा धरला तर सोळाशे मीटरला वाचेल सेकंदाचा सातवा भाग. कंपनीचा धरला तर दीड सेकंदाच्या थोडं वर. पळताना पाय सायकलपेक्षा वेगळे हलतात, तेव्हा हे आकडे कागदी. पण एवढं दिसतं की फायदा असलाच तर तो चिमूटभर आहे.

आणि सलूनातल्या त्या पोराच्या गालात त्या वेळी खर्रा होता. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेलं आमचं राष्ट्रीय खाद्य. तो थुंकायला थांबतो त्यातच सात-आठ सेकंद जातात. शेवटच्या चारशे मीटरला श्वास धरत नाही त्याचे आणखी वीस. रात्री बारापर्यंत दुसऱ्यांचे धावण्याचे व्हिडिओ पाहतो, त्याचे वेगळे. बूट मोठ्या भावाचे, एक नंबर सैल. एवढा सगळा खजिना उघड्यावर पडलेला असताना गडी पोटरीवरच्या केसांत सेकंद शोधतो. मला याचं आश्चर्य वाटत नाही. खर्रा सोडणं रोजचं काम आहे. वस्तरा एकदाच फिरवायचा असतो, आणि तोही दुसरा माणूस फिरवतो.

केस आणि वेग यांचं वैर असतं तर निसर्गालाही ते कुठेतरी कळलं असतं. आमच्या भागातला सर्वांत नामांकित लांब पल्ल्याचा खेळाडू म्हणजे 'जय' वाघ. २०१३ मध्ये तो नागझिऱ्यातून निघाला, शेतं, महामार्ग, वैनगंगा ओलांडत शंभराहून अधिक किलोमीटर चालून उमरेड-कऱ्हांडला-पवनीच्या जंगलात पोचला आणि तिथला राजा झाला. अंगावर संपूर्ण केस. मिशासुद्धा. २०१६ मध्ये तो दिसेनासा झाला आणि सगळी यंत्रणा त्याला शोधत राहिली. शंकरपटातल्या बैलांचंही तेच. त्यांची शिंगं साळतात, रंगवतात, तब्येत राखतात, त्यांच्या खुराकावर मालक स्वतःच्या पोरांच्या खुराकाहून जास्त खर्च करतो. पण पटावर कमी सेकंद यावेत म्हणून जोडीला डोक्यापासून शेपटीपर्यंत भादरून आणलेलं मी पाहिलं नाही. जोडी हाकणारे धुरकरी मात्र बोलताना सांगतात की त्यांच्या शर्टाचा वारा आड येतो. बैल काही बोलत नाहीत.

कुस्ती आणि कबड्डी यांचं गणित उलटंच. तिथं निसटणं हाच फायदा, म्हणून नियम निसटण्यावर डोळा ठेवून बसतात. कबड्डीत अंगाला तेल किंवा गुळगुळीत काही लावून उतरता येत नाही, नखं कापलेली लागतात. मॅटवरच्या कुस्तीत दाढी एकतर घोटलेली असावी नाहीतर चांगली काही महिन्यांची वाढलेली. दोन-चार दिवसांचे खुंट चालत नाहीत, कारण ते प्रतिस्पर्ध्याची कातडी सोलतात. आमच्याकडे हिवाळ्यात गावोगाव प्रकाशझोतात कबड्डीचे सामने होतात. तिथल्या जाणत्या पकडवाल्यांचं मत असं की घामेजलेली गुळगुळीत पोटरी हातातून सुटते, केसाळ पोटरी हाताला लागते. चढाईवाल्यांचं मत असं की केसाळ पोटरी धरली तर धरणाऱ्यालाच किळस येऊन तो सोडतो. दोन्ही बाजूंना अनुभव आहे आणि दोन्ही बाजूंनी बक्षिसात बकरे जिंकलेले आहेत.

तसं पाहिलं तर आमच्या लोकांच्या पोटऱ्यांवर केस टिकतातच किती? आषाढात रोवणी लागली की महिनाभर गुडघाभर चिखलात उभं राहायचं. बांधीतून बाहेर आलं, चिखल उन्हात पायावर सुकला, मग तो सोलून काढायचा. केस त्याच्यासोबत आपोआप येतात. पार्लरमध्ये याचे पैसे घेतात, रोवणीत मजुरी मिळते. पण रोवणीला पऱ्हे लावायला जातात बहुतेक बायाच. भरतीवाला पोट्टा बांधावर उभा राहून वेळ मोजतो.

बायांवरून आठवलं. भरतीत पोरीही धावतात, त्यांना ८०० मीटर. त्यांच्या हातापायांवरच्या केसांचा निकाल कुठल्याही पवन-बोगद्याच्या कितीतरी आधी मोहल्ल्यातल्या बायांनी लावून टाकलेला आहे. त्यांना कुणी विचारलं नाही की यानं तुमचा वेग वाढतो का. पोरानं एकदा पाय भादरले तर त्याची सलूनात चर्चा, गावात तेरवी आणि मासिकात लेख. पोरी वर्षानुवर्षं करत आल्या आणि त्यांच्या नावावर एक सेकंदसुद्धा जमा नाही. हा विषय इथं आणखी वाढवला तर घरी मला जेवण मिळेल, पण बोलणंही मिळेल.

इकडे एक भरती अकादमी चालवणारे निवृत्त फौजी सर आहेत. त्यांनी हे केसांचं लोण आपल्या मैदानावर आलेलं पाहिलं तेव्हा सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि स्वतःची पँट गुडघ्यापर्यंत वर केली. जंगलच होतं. म्हणाले, "या पायांनी मी सतरा वर्षं सीमेवर पळालो. केसांना काही झालं नाही, मलाही नाही." पोरं निमूट पळायला लागली. पण सर हिशेबी माणूस. संध्याकाळी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं की तो सत्तर सेकंदांचा आकडा खरा आहे का. मी सांगितलं, सायकलचा आहे, चाळीस किलोमीटरचा. "तरी पण," ते म्हणाले. हे 'तरी पण' म्हणजे खेळातल्या सगळ्या संशोधनाचं भांडवल आहे.

दुसऱ्या दिवशी सरांनी मधला मार्ग काढला. ज्याचा सोळाशे मीटरचा वेळ ५ मिनिटं १२ सेकंदांच्या आत आला, त्यानंच वस्तऱ्याला हात लावायचा. बाकीच्यांनी आधी पळायचं. मला हा नियम ऑलिम्पिक समितीच्या तोडीचा वाटतो. त्या दिवशी मैदानावर पात्र ठरला एकच जण, आणि नेमक्या त्याच्या पायांवर मुळातच केस नव्हते.

तरी एक शंका राहिलीच होती. ती मागच्या रांगेतल्या एका हडकुळ्या पोरानं काढली. भरतीत धावायच्या आधी मोजमाप होतं. उंची १६५ सेंटिमीटर, छाती न फुगवता ७९ आणि फुगवून आणखी पाच. याची छाती अठ्ठ्याहत्तरच्या पुढे जाता जात नव्हती. पण छातीवर केस मात्र भरघोस होते.

"सर," तो म्हणाला, "फीत केसांवरून लावतेत का केसांखालून?"

सर विचारात पडले. त्यांनी स्वतः फीत आणली, लावली, सैल केली, पुन्हा लावली. आकडा काठावर आला.

"छातीचे राहू दे," ते म्हणाले. "मोजून झाल्यावर काढू."

"पण मोजल्यावर लगेच पळाले लावतेत जी. तिथं मैदानावर आरसा असते का?"

आरशाची चौकशी सध्या चालू आहे.